‘सम्राट अशोक’: होरायझन बिघडला होता की कॅप्टन चुकला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, समजण्यात गफलत झाली असेल तर सांगा. १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्यासमोर समुद्रात पडलेल्या एअर इंडियाच्या जंबोवरून तुमच्या घरात दोन तट आहेत. वडील म्हणतात, यंत्र बिघडलं, चौकशीच्या निष्कर्षातच तसं आहे. काका म्हणतात, अमेरिकेतल्या कोर्टाने यंत्र बनवणाऱ्यांना मोकळं सोडलं, म्हणजे चूक कॅप्टनचीच. दोघांकडे कागद आहे, मग खरं कोणाचं? आणि अहमदाबादच्या अपघाताचंही असंच भिजत घोंगडं राहणार का?

दोघंही आपापल्या कागदाशी प्रामाणिक आहेत. घोळ ‘कारण’ या शब्दात आहे. विमान कसं पडलं, ते कुठे वाचवता आलं असतं आणि भरपाई कोणी द्यायची, हे तीन निराळे प्रश्न आहेत आणि तिन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो. माझं काम विमानातल्या उपकरणांचं, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर सविस्तर लिहितो. तिसऱ्यावर लागेल तेवढंच.

आधी ज्यावर वाद नाही ते. विमान बोइंग ७४७, नोंदणी व्हीटी-ईबीडी, नाव ‘एम्परर अशोक’. एअर इंडियाचं हे पहिलं जंबो, १९७१ मध्ये आलेलं. सांताक्रूझहून दुबईला निघालं होतं. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, एकूण २१३ जण; एकही वाचला नाही. टेकऑफ २७ नंबरच्या धावपट्टीवरून, म्हणजे पश्चिमेला, जुहूचा किनारा ओलांडून थेट समुद्रावर. किनारा मागे पडल्यावर विमान उजवीकडे वळलं. ते वळण संपवून थोडा वेळ सरळ झालं, मग डावीकडे कलू लागलं आणि कलतच गेलं. टेकऑफनंतर १०१ सेकंदांनी, साधारण ३५ अंश नाक खाली असताना, किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर ते पाण्यात आदळलं.

घातपाताची शंका पहिल्या दिवसापासून होती. वर काढलेल्या अवशेषांत स्फोटाची किंवा आगीची खूण सापडली नाही आणि तो मुद्दा तिथेच संपला. आजही कोणी ‘बॉम्ब होता’ म्हणालं तर बहुधा ‘कनिष्क’शी गल्लत होतेय. ते २३ जून १९८५ चं, आयर्लंडजवळच्या समुद्रावरचं आणि खरोखर बॉम्बचं. दोन्ही जंबोंना सम्राटांची नावं, म्हणून घोटाळा होतो.

भारतातल्या चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात असा: कॅप्टनसमोरचा एडीआय (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) बिघडला, विमान कोणत्या स्थितीत आहे याचं भान कॅप्टनला उरलं नाही, त्यातून त्याने अविवेकी पद्धतीने कंट्रोल फिरवले आणि बाकीच्या उपकरणांवरून खरी स्थिती ओळखण्यात चालक दल अपयशी ठरलं. म्हणजे यंत्रही आलं आणि माणूसही आला. तुमचे वडील या वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचतात, काका दुसरा.

आता तो एडीआय काय असतो ते नीट बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. अ‍ॅटिट्यूड डायरेक्टर इंडिकेटर. आमच्याकडे जुनी माणसं सरळ ‘होरायझन’ म्हणतात. काचेमागे एक गोळा असतो, वरचा अर्धा भाग आभाळाचा आणि खालचा अर्धा जमिनीचा. समोर विमानाची छोटी आकृती पक्की बसवलेली असते. विमान उजवीकडे कललं की गोळा डावीकडे फिरतो आणि वैमानिकाला खिडकीतून दिसावं तसं तिरकं क्षितिज दिसतं. या गोळ्याला स्वतःला काही कळत नाही. विमानाचा कल मोजतं गायरो (फिरत्या चक्रावर चालणारं उपकरण) किंवा आयएनएस (विमानाची स्थिती आणि दिशा मोजणारी यंत्रणा), ते बसलेलं असतं दुसरीकडे, रॅकमध्ये. तिथून तीन तारांच्या सिंक्रो सिग्नलने कोन येतो आणि इंडिकेटरमधली बारीक सर्वो मोटर गोळा त्या कोनावर नेऊन ठेवते.

त्यामुळे ‘एडीआय बिघडला’ या दोन शब्दांत निदान चार वेगळे बिघाड बसतात. कोन मोजणारा संचच चुकीचं सांगतोय. संच बरोबर सांगतोय, पण मधली तार किंवा कॅनन प्लगमधली पिन गेली आहे. सिग्नल नीट पोचतोय, पण मोटर किंवा गिअर अडकला आहे. किंवा वीजच गेली. यातला शेवटचा त्यातल्या त्यात बरा, कारण वीज गेली की काचेवर लाल-केशरी फ्लॅग पडतो आणि वैमानिकाला कळतं की याच्याकडे आता बघायचं नाही. वाईट असतात मधले दोन. सिंक्रोच्या तीन तारांपैकी एक तुटली तर वीज चालू, गोळा स्थिर, सगळं कसं शांत, पण गोळा एका ठरावीक कोनावर अडकलेला. अशा वेळी फ्लॅग पडेलच याची खात्री नसते. फ्लॅगचं सर्किट नेमकं काय तपासतं यावर ते अवलंबून असतं, आणि ते उपकरणाच्या मॉडेलगणिक बदलतं.

त्या रात्रीचा मेळ यातून बसतो. विमान उजव्या वळणात आहे, गोळाही उजवा कल दाखवतोय. इथवर सगळं बरोबर. कॅप्टन पंख सरळ करतो. विमान सरळ होतं, पण त्याच्यासमोरचा गोळा अजून उजवा कलच दाखवतो. त्याच्या दृष्टीने विमान अजून उजवीकडे कललेलं आहे, म्हणून तो आणखी डावं सुकाणू देतो. गोळा हलत नाही. आणखी देतो.

इथे सगळे विचारतात, की विमान इतकं आडवं होईपर्यंत शरीराला कळलं कसं नाही? नाही कळत. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सेकंदाला साधारण २ अंशांपेक्षा हळू चाललेलं फिरणं टिपतच नाही. शिवाय नीट तोलून घेतलेल्या वळणात वजन नेहमीसारखं सीटच्याच दिशेने जाणवतं, कपातला चहाही डुचमळत नाही. उरते खिडकी. जुहू चौपाटीवर किंवा कार्टर रोडला अंधार पडल्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. शहराचा सगळा झगमगाट पाठीमागे असतो आणि समोर आभाळ कुठे संपतं, पाणी कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. २७ वरून उठणाऱ्या विमानाच्या काचेतून हेच दिसतं, फक्त त्यात जमिनीवर टेकलेले पायही नसतात. तिथे क्षितिज म्हणजे तो गोळाच.

आणि वेळ किती असतो? पंख जेवढे कलतात तेवढा वर उचलणारा जोर कमी होतो. ३० अंशांवर उभ्या दिशेने सुमारे ८७ टक्के उरतो, ४५ वर ७१, ६० वर निम्मा, ९० वर शून्य. पहिल्या ३० अंशांत फारसं काही बिघडत नाही, म्हणून ते जाणवतही नाही. पुढच्या ३० मध्ये सगळं हातचं जातं. त्यातून नाक खाली गेलं की हात आपोआप स्टिअरिंग मागे ओढतो. तेच चुकतं. कललेल्या विमानात मागे ओढलं तर विमान वर येत नाही, गिरकी आणखी आवळते. आधी ओढण्याचा जोर कमी करायचा, पंख सरळ करायचे, मग ओढायचं. पण पंख सरळ कोणत्या बाजूला करायचे, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने काय करायचं?

उत्तर कॉकपिटमध्येच होतं. जंबोच्या त्या पिढीत सर्वसाधारण मांडणी अशी: कॅप्टनच्या एडीआयला पहिला संच माहिती देतो, सहवैमानिकाच्या एडीआयला दुसरा, तिसरा संच राखीव असतो आणि समोरचा स्विच फिरवून त्याच्याकडून माहिती घेता येते. याखेरीज मध्ये एक छोटा स्टँडबाय होरायझन असतो, स्वतःच्या गायरोवर चालणारा. म्हणजे तीन डोळे. दोघांचं जुळतंय आणि तिसऱ्याचं नाही, तर तिसऱ्याला सोडून द्यायचं आणि ज्याच्यासमोरचं उपकरण बरोबर आहे त्याने तोंडाने सांगून कंट्रोल हाती घ्यायचे. तेवढंही नको असेल तर दिशादर्शक बघा. गोळा म्हणतोय उजवा कल, आणि कंपास डावीकडे सरकतोय? मग गोळा खोटं बोलतोय. उजवीकडे कललेलं विमान डावीकडे वळत नाही.

सांगायला सोपं आहे, पण कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणातला एक तुकडा इथे आडवा येतो, आणि माझ्या मते या अपघाताचा गाभा तोच आहे. कॅप्टन आपल्या उपकरणांबद्दल चमकून बोलतो, त्याचा गोळा ‘टॉपल’ झाल्याचं, म्हणजे कोलमडल्याचं, त्याला वाटतं. त्यावर सहवैमानिकाचं उत्तर असं, की आपलाही टॉपल झालाय. हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. एक, दोन्ही एडीआय खरोखर एकदम गेले. तसं असेल तर दोघांना सामाईक असा काहीतरी बिघाड शोधायला हवा, विजेचा वगैरे. दुसरं वाचन असं, की सहवैमानिकाचा एडीआय ठणठणीत होता आणि विमानाचा खरा, भयंकर डावा कल दाखवत होता. पण शरीर सांगतंय की आपण जवळपास सरळ आहोत, आणि समोर गोळा आडवा झालेला. असा गोळा बघून अनुभवी माणसाच्याही मनात पहिला शब्द येतो तो ‘टॉपल’. जुने गायरो टोकाच्या कोनावर कोलमडायचे, त्यांनीच ही भाषा या धंद्यात रुजवली.

मी दुसऱ्या वाचनाच्या बाजूने आहे. दोन स्वतंत्र संचांनी एकाच क्षणी, फ्लॅग न पाडता दगा देणं फार अवघड. बरोबर चालणारं उपकरण बिघडल्यासारखं वाटणं फार सोपं. पण बघा त्या उत्तराने काय केलं. कॅप्टनने ते ऐकलं असेल तर त्याला वाटणार की दोन्ही गोळे एकच सांगताहेत, म्हणजे उजवा कल खराच. मदतीला आलेल्या वाक्याने चूक पक्की केली. फ्लाइट इंजिनिअरच्या ते लक्षात आलं असावं. ‘त्यावर जाऊ नका’ अशा अर्थाचं त्याचं बोलणं मुद्रणात आहे, पण सगळं संपण्याआधी जेमतेम ५ सेकंद.

एक सोबतचं उदाहरण देतो, कारण ‘एवढं जुनं विमान, आता असं होत नाही’ हा शेरा हमखास येतो. २२ डिसेंबर १९९९, लंडनजवळचं स्टॅनस्टेड, कोरियन एअरचं मालवाहू ७४७. रात्र, टेकऑफ, डावं वळण, कॅप्टनच्या एडीआयला कल कळेनासा झालेला. फरक इतकाच की इथे गोळा वळणानंतर कललेला अडकला नाही, वळणात सरळच राहिला. दोन्ही एडीआयमध्ये तफावत आहे हे सांगणारा कंपॅरेटर वारंवार वाजला, फ्लाइट इंजिनिअर ‘बँक, बँक’ म्हणाला, सहवैमानिक गप्प राहिला. मिनिटभराच्या आत विमान जमिनीवर आदळलं, चारही जण गेले.

त्या अपघातात आमच्या कामाशी थेट संबंध असलेला धडा असा. बिघाड आधीच्या फेरीत दिसला होता आणि लेखी स्नॅगही (बिघाडाची तक्रार) पडला होता. स्टॅनस्टेडला कॅप्टनच्या इंडिकेटरमागच्या प्लगमधली पिन ठीक केली गेली. पण दोष होता तो इंडिकेटरला माहिती पुरवणाऱ्या आयएनएसच्या संचात. इंडिकेटरवरचं टेस्टचं बटण दाबून इंडिकेटर तेवढा तपासला जातो, त्यामागचा संच नाही. हा स्नॅग उलगडायची रीत साधी आहे: माहितीचा स्रोत तिसऱ्या संचावर फिरवा. गोळा सुधारला तर दोष पहिल्या संचात किंवा त्याच्या तारांत; तसाच राहिला तर इंडिकेटरमध्ये. दोन मिनिटांचं काम. तरीही ज्या उपकरणाविषयी तक्रार लिहिली असते तेच आधी उघडलं जातं. मग दुरुस्तीच्या शॉपमधून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा लागून तो परत येतो आणि चार दिवसांनी दुसऱ्या विमानात बसतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची ही ठरलेली वाट आहे. थंड, न हलणाऱ्या टेबलावर तो दिसतच नाही.

आता वादाच्या मुळाशी जाऊ. ‘अशोक’च्या बाबतीत यंत्र बिघडल्याचं इतकं ठामपणे कसं सांगता येतं, असं काका विचारतील, आणि विचारायलाच हवं. फ्लाइट रेकॉर्डर विमानाचं काय झालं ते नोंदवतो. त्या काळच्या यांत्रिक उपकरणाच्या काचेवर काय दिसत होतं, हे नोंदवत नाही. कॅप्टनच्या डोळ्यांसमोर काय होतं, याचा थेट पुरावा कोणत्याही टेपवर नसतो. तो जुळवावा लागतो: विमानाच्या हालचालीवरून, माणसांच्या बोलण्यावरून आणि अवशेषांवरून.

अवशेषांकडून मिळणारी साक्ष मोलाची, पण मर्यादित. आदळताना सुई तबकडीवर आपटते आणि बारीक ठसा सोडते. गायरोचा रोटर फिरत असेल तर घराच्या आतल्या बाजूला गोलाकार ओरखडे उठतात, थांबलेला असेल तर एकाच जागी खोक पडते. इशाऱ्याच्या दिव्यातली तार पेटलेली असेल तर धक्क्याने ताणली जाते, थंड असेल तर कडकन मोडते. यावरून दिवा लागला होता की नाही हेसुद्धा सांगता येतं. पण यातली प्रत्येक खूण आदळण्याच्या क्षणाची आहे. आधीच्या अर्ध्या मिनिटात गोळा कुठे अडकला होता ते ती सांगत नाही. त्यात समुद्र. खाऱ्या पाण्यातून काढलेलं उपकरण हवेवर वाळलं की काही तासांत गंज आणि मीठ खुणांवर चढतं. म्हणून सापडल्याबरोबर ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि तसंच प्रयोगशाळेत न्यायचं असतं. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे भाग तर पाण्यात राहतील तेवढे विरत जातात.

म्हणजे ‘एडीआय बिघडला’ हा निष्कर्ष अनुमानाचा आहे. भक्कम अनुमान आहे, कारण विमानाची हालचाल, कॅप्टनचं बोलणं आणि उजव्या वळणानंतरचा तो डावा कल या तिन्ही गोष्टी त्याने एका दोऱ्यात ओवल्या जातात. पण ‘कोणता भाग, कोणती तार, कोणता गिअर’ असं बोट ठेवून दाखवणं निराळं. आणि कोर्टात नेमकं तेच लागतं.

मृतांच्या कुटुंबीयांचा दावा अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल कोर्टात चालला. प्रतिवादी तीन: बोइंग, इंडिकेटर बनवणारी लिअर सिग्लर आणि बॅकअप यंत्रणा बनवणारा रॉकवेलचा कॉलिन्स रेडिओ विभाग. १९८५ मध्ये न्यायाधीश जेम्स फिट्झगेराल्ड यांनी १३९ पानी निकालात तिघांवरचे निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले. त्या कोर्टापुढचा प्रश्न निर्मात्यांच्या दोषाचा होता आणि तो दाखवून देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यांची होती. चांगल्या कारखान्यात तयार झालेला, वेळच्या वेळी तपासलेला भागही कधीतरी बंद पडतो. बंद पडणं ही घटना आहे, निष्काळजीपणा हा आरोप आहे. आरोप फेटाळला म्हणून घटना घडलीच नाही असं होत नाही, आणि ‘निर्माता सुटला म्हणजे कॅप्टन अडकला’ हे तर मुळीच नाही. काका इथे एक पायरी गाळतात.

दावा निर्मात्यांवरच का, हेही समजून घ्या. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला वॉर्सा करार आणि हेग दुरुस्तीचे नियम लागू होते. विमान कंपनीची प्रत्येक प्रवाशामागची भरपाई सर्वसाधारणपणे २,५०,००० सुवर्ण फ्रँक्सवर, म्हणजे तेव्हाच्या सुमारे २०,००० डॉलर्सवर अडवलेली असायची. निर्मात्याला अशी मर्यादा नव्हती. त्यामुळे अशा खटल्यांत वाद ‘यंत्र की माणूस’ असा उभा राहतो, कारण कायद्याने पैशाची वाट तशी आखलेली असते. त्यात वकिलांचा काही दोष नाही, पण ते वाचून विमानशास्त्र शिकायला गेलं की फसगत होते.

याच्या अगदी उलटंही घडलं आहे. १९ डिसेंबर १९९७ ला सुमात्रात मुसी नदीत पडलेलं सिल्कएअरचं ७३७, १०४ मृत. इंडोनेशियाच्या चौकशीने कारण ठरवता येत नाही म्हटलं. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने लेखी मतभेद नोंदवून म्हटलं, की पुरावा कोणीतरी हेतुपुरस्सर विमान खाली नेल्याचा आहे. आणि २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने सुकाणूचा सर्वो व्हॉल्व्ह सदोष धरून तो बनवणाऱ्या पार्कर हॅनिफिनला भरपाई द्यायला लावली. एक विमान, तीन उत्तरं. अमेरिकन कायद्यानुसार एनटीएसबीचा अहवाल दिवाणी खटल्यात पुरावा म्हणून वापरताच येत नाही, हे ठाऊक नसलं तर हा गुंता सुटत नाही. अंटार्क्टिकात एरेबस पर्वतावर आदळलेल्या न्यूझीलंडच्या विमानाचं (१९७९, २५७ मृत) तर सरकारी अहवाल आणि न्यायालयीन आयोग यांच्यातच वाजलं: एकाने वैमानिकाच्या निर्णयाकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने चालक दलाला न सांगता बदललेल्या मार्गाच्या आकड्यांकडे.

‘अशोक’कडे परत. माझं मत विचारलंत तर बिघाड आधी आला आणि त्याने साखळी सुरू केली. ती तुटली नाही कारण तीन डोळ्यांपैकी खरा कोणता, हे ठरवायला लागणारे काही सेकंद गोंधळात गेले. चौकशीच्या निष्कर्षातला माझा आक्षेप फक्त ‘अविवेकी’ या शब्दाला आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते डावं सुकाणू अविवेकी दिसतं. अडकलेला गोळा समोर असलेल्या माणसाला दुसरं काही सुचणार नाही. त्या क्षणी ते सर्वांत सयुक्तिक पाऊल आहे. चूक होती ती एकाच उपकरणावर विसंबण्याची, आणि ती शिकवून सुधारता येते. माणूस अविवेकी होता म्हटलं की शिकवायला काही उरतच नाही. आताच्या विमानांत दोन बाजूंचा कल जुळला नाही तर पडद्यावरच तसा पिवळा इशारा येतो, आणि साधारण ३५ अंशांपुढे कल गेला की यंत्र ‘बँक अँगल’ असं ओरडतं. हे बदल कोणाला दोषी ठरवून आलेले नाहीत.

अहमदाबादबद्दल मी फक्त प्राथमिक अहवालावरून बोलतो. १२ जून २०२५, बोइंग ७८७, व्हीटी-एएनबी. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, एकूण २६० मृत, विमानातला एकच प्रवासी वाचला. एएआयबी या भारताच्या विमान अपघात तपास संस्थेच्या प्राथमिक अहवालात आहे ते असं: टेकऑफनंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच १ सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’ला गेल्याची नोंद, सुमारे १० सेकंदांनी पहिला आणि त्यानंतर ४ सेकंदांनी दुसरा परत ‘रन’वर. एक वैमानिक विचारतो की का बंद केलं, दुसरा म्हणतो मी नाही केलं. कारण त्यात दिलेलं नाही. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो आणि त्याचं काम तेवढंच.

वर एडीआयबद्दल लिहिलं ते इथे तंतोतंत लागू आहे. रेकॉर्डर स्विचची स्थिती सर्किटमधून टिपतो, त्यावरचा हात टिपत नाही. हे स्विच उचलून मगच सरकवता येतात, धक्का लागून सहजी सरकू नयेत म्हणून. स्विच जागेवर अडवून धरणाऱ्या खाचेबद्दल अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने २०१८ मध्ये एक सूचनापत्र काढलं होतं, सक्तीचं नाही; त्यात सुचवलेली तपासणी या विमानावर झाली नव्हती, हेही अहवालात आहे. त्यावरून स्विच आपोआप हलला असं सिद्ध होत नाही, आणि रेकॉर्डरच्या नोंदीवरून कोणाचा हात होता हेही होत नाही. टीव्हीवर दोन्ही बाजूंनी ही उडी मारली जाते.

त्यामुळे अंतिम अहवाल वाचताना निष्कर्षाच्या पानापासून सुरुवात करू नका. आधी त्या स्विचच्या मॉड्यूलची उघडून केलेली तपासणी बघा: खाच झिजली होती का, संपर्कबिंदूंवर काय आढळलं, एकाच स्विचमधली वेगवेगळी सर्किटं एकाच क्षणी बदलली का. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण तारेतला दोष बहुधा एका सर्किटला धरतो, हाताने सरकवलेला स्विच सगळ्यांना. मग पुरवण्या उघडा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मसुदा संबंधित देशांकडे ६० दिवसांसाठी जातो, आणि त्यांचे आक्षेप मान्य झाले नाहीत तर ते अहवालाला जोडायची सोय आहे. इथिओपियन एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सच्या अपघाताच्या अहवालात अमेरिकेचे आक्षेप जसेच्या तसे आले नाहीत, तेव्हा एनटीएसबीने ते स्वतंत्र प्रसिद्ध केले. अशी जोडपत्रं बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि तुमच्या घरातल्या वादाला लागणारा मजकूर नेमका तिथे असतो.